एकशे नव्याण्णवचा शर्ट आणि न केलेली तक्रार

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी पुण्या-नागपुरातल्याच नव्हे, कुठल्याही जिल्ह्याच्या गावातल्या स्वस्त कपड्यांच्या मोठ्या दुकानात शिरावं. तिथली गर्दी बघण्यासारखी असते. होस्टेलवरच्या मुली असतात, पहिला पगार हातात आलेली मुलं असतात, धुणीभांडी करणारी बाई लेकीला घेऊन आलेली असते. आयटीतलं जोडपं असतं आणि सुनेच्या आग्रहामुळे आलेल्या, प्रत्येक कापड दोन बोटांत चुरगळून बघणाऱ्या सासूबाईही असतात. एवढ्या वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एकाच रॅकवरून हँगर सरकवताना पूर्वी दिसत नव्हती. ट्रायल रूमची रांग वळसा घालून गेलेली असते आणि बिलाची रांग त्याहून लांब.

या दुकानांबद्दल मत नाही असं घर आता सापडणं अवघड आहे. मतं मात्र दोन टोकांची. एक म्हणतं, ‘दोनशे रुपयांत आणखी काय पाहिजे?’ दुसरं म्हणतं, ‘दोन धुण्यांत पोतेरं होतं.’ गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी असतात आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दुकानात जातो. हे असं का, हा या लेखाचा विषय. गिऱ्हाईक भोळं आहे किंवा हौशी आहे, असं त्याचं उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

‘इथे कोणी काही विचारत नाही’

जुन्या कापडदुकानात गादीवर बसायचं असतं. मालक पहिला प्रश्न विचारतो, ‘कितीपर्यंत दाखवू?’ ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत, त्याच्यासाठी तो प्रश्न चारचौघांत आपली ऐपत जाहीर करायला लावणारा. मग समोर कपड्यांचा ढीग उलगडला जातो आणि काही न घेता उठणं जड जातं. ‘एवढं काढायला लावलं, आता रिकाम्या हाताने कसं उठायचं?’ या संकोचापोटी किती साड्या आणि किती शर्टपीस विकले गेले असतील, त्याची मोजदाद नाही.

स्वस्त फॅशनच्या दुकानांनी हा संकोच मोडला, आणि या दुकानांच्या बाजूने बोलणारे लोक किमतीच्या आधी हेच सांगतात. किंमत चिठ्ठीवर छापलेली आहे. हवं ते हातात घ्या, घालून बघा, परत ठेवा, निघून जा. ज्या मुलीच्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेले कपडे घातले, ती मुलगी आरशासमोर चार टॉप घालून बघते आणि त्यातला एक निवडते. कपड्याचा टिकाऊपणा मोजताना ही गोष्ट हिशेबाबाहेर ठेवली तर तो हिशेब खोटा ठरेल.

पहिल्यांदा नोकरीला लागलेल्यांचं गणितही सरळ आहे. ऑफिसला पाच दिवस पाच शर्ट लागतात. नामांकित ब्रँडच्या एका शर्टाच्या पैशांत इथे आठवडा निघतो. आईबापांचा मुद्दा वेगळा. पूर्वी मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे. पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी बरोबर बसायचे, तिसऱ्या वर्षी ते धाकट्याच्या अंगावर जायचे. आता घरात धाकटा असतोच असं नाही आणि मूल सहा महिन्यांत फ्रॉकच्या बाहेर जातं. टिकून करायचं काय, असं आई विचारते. तिच्या जागी तिचं बरोबर आहे.

शिवून घेण्याची वाटही आता महाग झाली आहे. शहरात शर्टाची नुसती शिलाई इथल्या तयार शर्टाहून जास्त पडते. त्यामुळे गल्लीतल्या शिंप्याकडे नवं कापड कमी जातं. इथून घेतलेल्या पँटची उंची कमी करायला आणि कुर्तीची बाजू आवळायला लोक जातात.

किंमत खाली कशी येते

या बाजारातलं आजचं सगळ्यांत परिचित नाव झुडिओ. टाटा समूहाने १९९८ साली लॅक्मे हा सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय हिंदुस्तान लिव्हरला विकला आणि त्या पैशांतून कपड्यांच्या किरकोळ व्यापारात पाऊल टाकलं. त्यातून ट्रेंट कंपनी आणि वेस्टसाइड उभं राहिलं. झुडिओ त्याच कंपनीचं धाकटं अपत्य. मार्च २०२५ अखेर त्याची साडेसातशेहून अधिक दुकानं होती, त्याआधीच्या वर्षी साडेपाचशेच्या आसपास. ‘टाटांचं आहे ना’ हे वाक्य या दुकानांत कानावर पडतं. तो विश्वास इतर व्यवसायांत कमावलेला आहे आणि टी-शर्ट घेताना तो कामाला येतो. रिलायन्सने २०२३ मध्ये हैदराबादपासून युस्टा सुरू केलं, तेही सगळं हजाराच्या आत. मॅक्स २००६ पासून आहे. राधाकिशन दमाणींच्या डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला उघडलं; तिथे डाळ-तांदळाच्या ट्रॉलीत घरात घालायचा गाऊन आणि मुलांच्या चड्ड्या पडतात, ही महाराष्ट्रातल्या कित्येक घरांची महिन्याची रीत आहे.

दर कमी ठेवण्याची युक्ती गुप्त नाही. झुडिओमध्ये माल स्वतःच्या नावाचा असतो, त्यामुळे मधल्या ब्रँडचा नफा वाचतो. जाहिरातीवर खर्च जवळजवळ नाही. ऑनलाइन विक्री नाही, म्हणजे घरपोच पाठवणं आणि परत आणणं हा खर्च नाही. सेलची वाट बघायला लावत नाहीत. भाव पहिल्यापासूनच खाली असतो. आणि माल भराभर फिरतो. आज दिसलेला टॉप पंधरा दिवसांनी मिळेलच असं नाही, हे गिऱ्हाइकाला पाठ झालेलं आहे. म्हणून ‘विचार करून येते’ असं इथे कोणी म्हणत नाही. आवडलं की टोपलीत टाकतात.

वेगाचा एक परिणाम कॉलेजात दिसतो. एकाच रंगाचे, एकाच छपाईचे शर्ट एका वर्गात तीन-चार जणांच्या अंगावर असतात. काहींना त्याचं काही वाटत नाही, काही मात्र त्याच कारणासाठी पुन्हा तुळशीबाग, हिंदमाता, सीताबर्डी गाठतात.

‘दोन धुण्यांत पोतेरं’

आता तक्रारी. त्या ठरावीक आहेत: टी-शर्टची बाजूची शिलाई फिरून पोटावर येते, कुर्ती आटते, रंग जातो, गळा सैल पडतो, कापडावर गोळे येतात, जीन्स मांडीशी विरते. यातल्या बहुतेकांना कारण आहे आणि ते नशिबाचं नाही.

टी-शर्टचं कापड विणताना सुताला पीळ असतो. कापड नीट सैलावू न देता घाईने कापलं, तर तो पीळ धुण्यात सुटू पाहतो, विणीचे फासे तिरके होतात आणि सगळा शर्ट अंगाभोवती वळतो. कुर्त्यांसाठी वापरलं जाणारं रेयॉन अंगावर सुळसुळीत पडतं, म्हणून रॅकवर देखणं दिसतं. पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. ते मशीनमध्ये जोरात फिरवलं किंवा पिळलं की आटतं, विरतं. गोळे सुती कापडावरही येतात, पण ते झडून जातात. पॉलिस्टरचा तंतू चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो. जीन्समध्ये ताणण्यासाठी घातलेला धागा उष्णतेने आणि ताणाने थकतो. गळ्याची पट्टी स्वस्त असली की ती ताणल्यावर मागे येत नाही.

मोजमापाबद्दलही नाराजी आहे. एकाच दुकानात एका शर्टाचा ‘एल’ बरोबर बसतो आणि दुसऱ्याचा छातीशी अडतो, कारण माल वेगवेगळ्या कारखान्यांतून येतो. जाड अंगाच्या बायका सांगतात की आपल्या मापाचे दोन-तीनच रंग उरलेले असतात. पुरुषांची तक्रार खिशाची आणि उंचीची. आणि आत कापड सोडलेलं नसतं. जुना शिंपी ब्लाउजच्या बाजूला, पँटच्या मागे बोटभर कापड राखायचा, अंग भरलं की शिलाई उसवून वाढवता यायचं. इथे तेवढं कापड वाचवणं हाच नफा असतो, त्यामुळे वजन वाढलं की कपडा टाकायचा.

मात्र सगळा माल असाच असतो असंही नाही. याच दुकानांतून घेतलेली साधी सुती पायजमा-पँट तीन वर्षं निघाल्याचं सांगणारेही भेटतात. नेहमीची गिऱ्हाइकं म्हणूनच वस्तूवार मत देतात: घरात घालायचे कपडे, मोजे, लहान मुलांचे कपडे इथून, कुर्ती बघून, जीन्स आणि लोकरीचे नकोत. दोन टोकांच्या वाक्यांपेक्षा हे मत कितीतरी मोलाचं आहे, कारण ते अंगावर घालून, धुऊन, वाळवून तयार झालेलं आहे.

उरलेले पैसे कोण भरतं

एक हिशेब करून बघू. मध्यम मापाचा निव्वळ सुती टी-शर्ट साधारण दीडशे ग्रॅम भरतो. सूत काढताना, विणताना, कापताना जाणारी घट धरली तर त्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास रुई लागते. कापसाच्या वजनातून अंदाजे एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे सहाशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने एका टी-शर्टात शेतकऱ्याचा जवळजवळ पन्नास रुपयांचा कापूस जातो. शर्टाची किंमत १९९. त्यातून पाच टक्के जीएसटीचे साडेनऊ रुपये वजा. उरलेल्या एकशे चाळीसमध्ये, आणि सरकीच्या विक्रीतून जे थोडं परत येतं त्यात, जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार आणि नफा बसवायचा आहे.

हे जमवायचं तर कुठेतरी काटकसर आलीच. एक तर कापड पातळ करायचं, किंवा कापसात पॉलिस्टर मिसळायचं, किंवा कापसाचा भाव पडलेला असायला हवा, किंवा शिवणाऱ्याच्या मजुरीत हात घालायचा. बहुधा यांतलं एकाहून अधिक घडतं. यवतमाळ-वर्ध्यात कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा तालुक्याच्या दुकानातून पॉलिस्टरचा शर्ट घेतो, तेव्हा तो चूक करत नाही; त्याच्या बापाच्या कापसाला जो भाव मिळतो, त्यात त्याला तेवढंच परवडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं, तेव्हा कापड उद्योगाने स्वागत केलं आणि विदर्भ-मराठवाड्यातून विरोध झाला. दोन्ही बाजू एकाच शर्टाच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

विणलेला माल मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो, तयार कपडे बांगलादेशातूनही. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरून येणारा रस्ता बंद केला आणि कोलकाता व आपलं न्हावाशेवा ही दोनच बंदरं खुली ठेवली. त्याच बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांत मात्र कामगारांना बोलावलं गेलं. अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यांत बायका जास्त. युरोपच्या स्वस्त दुकानांसाठी तिथे कपडे शिवले जात होते. त्या दुकानांची गिऱ्हाइकं रस्त्यावर आली, प्रश्न विचारू लागली, आणि काही आठवड्यांत कितीतरी कंपन्यांनी इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार स्वीकारला. गिऱ्हाइकाच्या मताने कारखान्याची भिंत बदलते, याचा हा पुरावा आहे.

कापडामागच्या कामगारांचा हा विषय मुंबईला परका नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. जिथे कापड विणलं जायचं तिथे आता तयार कपडे विकले जातात. गिरणीच्या कापडाच्या काठावर छाप असायचा. खटाव, फिनले, मफतलाल ही नावं बघून आपल्या आज्या-आत्या कापड घ्यायच्या. नाव काठावर होतं म्हणून जबाबदारीही काठावर होती. आजच्या शर्टावर दुकानाचं नाव ठळक असतं, पण तो कोणी शिवला हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

आणि कपडा टाकल्यावर? पूर्वी बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर भांडं मिळायचं. विरलेल्या लुगड्यांची गोधडी व्हायची, शर्टाचं पायपुसणं. पातळ पॉलिस्टरची गोधडी ऊब देत नाही आणि त्याचं पोतेरं पाणी शोषत नाही. देशातले पुष्कळ टाकाऊ कपडे पानिपतला जातात, तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात. पण तिथवर सगळं पोचत नाही. बाकीचं कचराडेपोत.

मत घरी, तक्रारही घरीच

आता मुद्द्याचं. इतक्या तक्रारी आहेत, मग माल का सुधारत नाही? माझं उत्तर असं की या तक्रारी दुकानापर्यंत जातच नाहीत. ‘एकशे नव्याण्णवसाठी कोण भांडणार? रिक्षालाच तेवढे जातील.’ हे सगळेच म्हणतात. मैत्रिणीला सांगतात, ऑफिसच्या डब्यावर सांगतात, शेजारणीला सावध करतात. काउंटरवर सांगत नाहीत. ही दुकानं कान देऊन असतात हे विसरू नये. कुठला गळा, कुठला रंग, कुठली छपाई या आठवड्यात संपली याची नोंद त्यांच्याकडे असते आणि पुढचा माल त्यावर ठरतो. म्हणून फॅशन इतकी अचूक येते. पण तिसऱ्या धुण्यात मोरीत गेलेल्या शर्टाची नोंद कुठेच होत नाही. दुकानाच्या वहीत तो यशस्वी शर्ट आहे, कारण तो विकला गेला.

अदलाबदलीचे नियमही सहसा न वापरलेल्या, चिठ्ठी लावलेल्या कपड्यासाठी असतात. शिलाई फिरणं, रंग जाणं, आटणं हे दोष तर धुतल्यावरच कळतात. इथे कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीही तीच. लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुतलेला कपडा पहिल्याच धुण्यात रंग सोडत असेल, तर तो दोष आहे असं ठामपणे म्हणता येतं. दुकानाने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क नाही. बिलाच्या कागदावरची अक्षरं काही काळाने पुसट होतात, म्हणून घरी येताच त्याचा फोटो काढावा.

पारख परत शिकायची

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. वारावर कापड घ्यायच्या काळात घराघरांत एक विद्या होती. आई तागा उजेडात धरायची, बोटांत चुरगळून घडी राहते का बघायची, काठ ओढून बघायची. तयार कपड्यांबरोबर ही विद्या मागे पडली, पण ती अवघड नाही आणि झगझगीत दिव्यांखालीही चालते.

शर्ट दिव्यासमोर धरावा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर तो फार धुणी काढणार नाही. बाजूची शिलाई दोन्ही हातांनी हलके ताणावी. टाके उघडे पडून फट दिसली तर ती तिथेच उसवणार. गळ्याची पट्टी ताणून सोडावी आणि ती मागे येते का बघावं. शर्ट खांद्याशी धरून लोंबता सोडावा. बाजूच्या शिलाया आत्ताच तिरक्या असतील तर धुतल्यावर आणखी वळतील. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून बघावा. आतल्या लेबलवर कापूस किती, पॉलिस्टर किती ते वाचावं आणि शंका असेल तर घरी आतल्या कडेच्या कापडातला (शिलाईचा नव्हे) एक धागा जपून जाळून बघावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. आणि किमतीची चिठ्ठी बघताना किती वेळा अंगावर येणार हेही मनात मोजावं. १९९ चा शर्ट पाच वेळा घातला तर एका वेळेला चाळीस रुपये पडले. ६९९ चा सत्तर वेळा घातला तर दहा. ज्याच्याकडे आज ६९९ नाहीत त्याला हा हिशेब सुनावायचा नाही. त्याच्या १९९ मध्ये जास्तीत जास्त काय मिळावं, यासाठीच ही पारख आहे.

स्वस्त कपड्यांची दुकानं बंद व्हावीत असं मला वाटत नाही. संकोच न करता कपडे निवडण्याचा जो हक्क त्यांनी साध्या माणसाला दिला, तो परत घेतला जाऊ नये. पण कमी पैसे देणाऱ्याला कमी टिकणारं चालतं, हे गृहीत धरणं हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि आपण गप्प राहून त्याला संमती देत आलो आहोत. या दिवाळीला घेतलेला कपडा फिरला, आटला, रंग सोडू लागला, तर तो बिलासह काउंटरवर घेऊन जावा आणि दोष लेखी नोंदवायला सांगावं. एकाने केलं तर दुकान दुर्लक्ष करील. एका शहरातल्या शंभर जणांनी एका आठवड्यात केलं, तर ती नोंदही ऑर्डर देणाऱ्याच्या टेबलावर पोचेल, तिथून तिरुप्पूरच्या कारखान्यात जाईल, आणि पुढच्या खेपेचं कापड थोडं जाड येईल. या दुकानांना आपल्या आवडीनिवडी इतक्या पटकन कळतात. आपली नाराजीही कळेल, ती त्यांच्यापुढे मांडली तर.